छापील उपासनाक्रम वाचून रविवार कळत नाही

उपासनेवर संशोधन करायचं ठरलं की आराखडा बहुधा एकाच साच्यातून निघतो. शीर्षक असतं ‘अमुक शहरातील चर्चच्या साप्ताहिक उपासनेची परिणामकारकता : एक अभ्यास’. पहिल्या प्रकरणात उपासनेच्या व्याख्या, दुसऱ्यात चर्चचा इतिहास, तिसऱ्यात छापील उपासनाक्रमाचं वर्णन, चौथ्यात ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ अशी पाच पर्यायांची प्रश्नावली. आणि शेवटी शिफारशी : गायकवृंदाला प्रशिक्षण द्यावं, तरुणांना सामील करून घ्यावं, वेळ पाळावी. आता मला सांगा, या शिफारशी लिहायला अभ्यासाची गरज होती का? घरी बसूनही त्या लिहिता आल्या असत्या.

या साच्यात रविवार दिसतो, पण तो रविवार जुळवणारी माणसं दिसत नाहीत. गीतं कुणी निवडली, कधी निवडली, कुणाला ती नको होती, शास्त्रवाचन कुणाला दिलं आणि कुणाला वर्षभर दिलंच नाही, मागच्या रविवारी जे बिनसलं त्यावर कुणी बोललं की सगळे चहा पिऊन घरी गेले, यातलं काहीच हाती लागत नाही. या लेखात मी उपासनेच्या अभ्यासातली तीन इंग्रजी पुस्तकं आणि आपल्या नागपूरची एक घटना घेऊन बघतो की हे का निसटतं. विषय चर्चचा असला तरी तुम्ही विहारातल्या रविवारच्या वंदनेवर किंवा गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेवर काम करणार असाल, तरी बरंचसं लागू पडेल. आठवड्याला एकदा माणसं जमवून काही घडवायचं म्हटलं की कुणालातरी आधी बसून ठरवावं लागतंच.

पहिलं पुस्तक म्हणजे ग्रेगरी डिक्स यांचं ‘द शेप ऑफ द लिटर्जी’, १९४५ सालचं. डिक्स हे अँग्लिकन पंथातले बेनेडिक्टाईन संन्यासी. उपासनाशास्त्राचा कुठलाही अभ्यासक्रम घ्या, हे पुस्तक टाळता येत नाही. त्यांचं म्हणणं असं की प्रभुभोजनाच्या विधीत शब्दांपेक्षा कृतींचा क्रम महत्त्वाचा : घेणं, उपकार मानणं, मोडणं, देणं. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या भाषांतल्या प्रार्थना कितीही बदलल्या तरी हा सांगाडा टिकला, असा त्यांचा दावा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर जे नवे उपासनाक्रम तयार झाले त्यांतल्या अनेकांवर या विचाराची छाप आहे. पुस्तकाचा मोठा गुण हा की त्यानं अभ्यासकाची नजर पोथीवरून उचलून कृतीवर आणली.

पण कृतीला कर्ता लागतो की नाही? भाकर ‘घेतली जाते’ हे खरं, पण ती शनिवारी आणली कुणी, कुणाच्या घरची, ताट कुणी पुसलं? डिक्स यांच्या पुस्तकाच्या शेवटाकडे एक गाजलेला उतारा आहे, त्यात राजांपासून कैद्यांपर्यंत कितीतरी माणसं येतात. माणसं आहेत म्हणजे. मात्र ती ज्यांच्यासाठी उपासना झाली अशी माणसं आहेत. ती कशी व्हावी यावर डोकं खाजवत बसलेली माणसं तिथे फारशी भेटत नाहीत.

हा दोष आपल्याकडे मराठी प्रबंधांत थेट व्याकरणातून शिरतो. ‘प्रारंभी गीत गायिले जाते. त्यानंतर शास्त्रवाचन केले जाते. दानार्पण स्वीकारले जाते.’ आपल्याला वाटतं की असं लिहिलं की शास्त्रीय वाटतं. एक काम करा. तुमच्या तिसऱ्या प्रकरणातली ‘जाते’ने संपणारी वाक्यं मोजा आणि प्रत्येकाला ‘कोण?’ असा प्रश्न विचारा. जिथे उत्तर देता येत नाही तिथे तुमचं क्षेत्रकार्य बाकी आहे.

दुसरं पुस्तक पॉल ब्रॅडशॉ यांचं, ‘द सर्च फॉर द ओरिजिन्स ऑफ ख्रिश्चन वर्शिप’, पहिली आवृत्ती १९९२, दुसरी २००२. विषय पहिल्या काही शतकांतली ख्रिस्ती उपासना. तुमच्या विषयाशी याचा संबंध नाही असं वाटेल, पण पद्धतीसाठी हे पुस्तक वाचाच. ब्रॅडशॉ जुन्या कागदपत्रांवर इतक्या सहज विश्वास ठेवत नाहीत. एखाद्या ग्रंथात ‘सर्वत्र असेच करतात’ असं ठासून लिहिलं असेल, तर ते वर्णन आहे की लेखकाची इच्छा, हे आधी तपासा असं ते सांगतात. आणि नियमाबद्दलचं त्यांचं निरीक्षण तर संशोधकानं भिंतीवर लावून ठेवावं असं आहे : एखाद्या गोष्टीला मनाई करणारा नियम हा ती गोष्ट चालू होती याचा चांगला पुरावा असतो, पण जी गोष्ट करा म्हणून सांगितली ती लोक करत होते याचा मात्र तेवढा भक्कम पुरावा नसतो.

हे आपल्याकडे लावून बघा. सूचनाफलकावर लिहिलंय, ‘गायकवृंदाने उपासनेपूर्वी पंधरा मिनिटे हजर राहावे.’ साच्यातला प्रबंध लिहितो की गायकवृंद पंधरा मिनिटं आधी येतो. ब्रॅडशॉ यांचा वाचक लिहितो की गायकवृंद उशिरा येतो, निदान कुणाच्यातरी मते येतो, आणि ते ‘कुणीतरी’ तोंडावर सांगण्याऐवजी फलकावर लिहिणं पसंत करतं. एकाच ओळीतून तीन गोष्टी कळल्या, आणि तिसरी सगळ्यात मोलाची.

ब्रॅडशॉ यांची मर्यादा त्यांच्या विषयातच आहे. त्यांची माणसं दीड-दोन हजार वर्षांपूर्वी गेली, त्यांना काही विचारता येत नाही. तुमची माणसं सदरमध्ये किंवा मोहन नगरमध्ये राहतात आणि फोन उचलतात. त्यामुळे ब्रॅडशॉ यांचा संशय घ्या, पण त्यांच्यासारखं फक्त कागदावर थांबायला तुम्हाला सबब नाही.

आता नागपूरची घटना. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, या एकत्रित चर्चची स्थापना झाली. १९२९ साली लखनौला सुरू झालेली बोलणी ४१ वर्षांनी इथे येऊन पूर्ण झाली. सहा चर्चेस एकत्र आली. त्यांची नावं तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळतील. मी त्यांच्याकडे त्यांच्या रविवारच्या बाजूनं बघतो.

अँग्लिकनांकडे छापील प्रार्थनापुस्तक होतं, पाळक बदलला तरी शब्द तेच. युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरा होत्या. नागपुरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्टीफन हिस्लॉप यांनी जे स्कॉटिश काम उभं केलं ते याच प्रेस्बिटेरियन धाटणीचं. इथे उपदेशाला मोठं स्थान, बांधीव प्रार्थनेपेक्षा पाळकाच्या स्वतःच्या प्रार्थनेवर भर, आणि स्कॉटिश वळणाप्रमाणे प्रभुभोजन वर्षातून मोजक्या वेळा. याउलट डिसायपल्स ऑफ ख्राईस्ट यांच्याकडे प्रभुभोजन दर रविवारी, आणि त्यात मंडळीतल्या वडिलांचा वाटा मोठा. बॅप्टिस्ट लहान मुलांचा बाप्तिस्मा मानत नव्हते. दक्षिण गुजरात आणि डहाणूकडच्या चर्च ऑफ द ब्रेदरनमध्ये प्रीतिभोजन आणि एकमेकांचे पाय धुण्याची रीत. ब्रिटिश परंपरेच्या मेथॉडिस्टांकडे गीतांचं भांडार आणि पाळक नसलेल्या उपदेशकांची जुनी सवय. अमेरिकी परंपरेचं मोठं मेथॉडिस्ट चर्च बोलण्यांत होतं, पण शेवटच्या टप्प्यात बाहेर राहिलं.

विचार करा, ‘रविवारी काय करायचं’ याची सहा उत्तरं एका छताखाली आली. तरीही या घटनेवरचं बहुतेक लेखन घटना, श्रद्धाविधानं आणि बिशपपदाचा वाद यांभोवती फिरतं. माझा आक्षेप इथेच आहे. खरा पेच एका उपासनेत सोडवला गेला होता, आणि ती उपासना समित्यांनी मिळून लिहिलेली होती.

पेच असा होता. अँग्लिकनांच्या दृष्टीनं बिशपच्या हस्तार्पणाशिवाय पाळकाची दीक्षा अपुरी. प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, डिसायपल्स यांच्या पाळकांनी आयुष्यभर सेवा केलेली, त्यांना ‘तुमची पुन्हा दीक्षा करतो’ म्हणणं म्हणजे आजवरचं सगळं खोटं ठरवणं. १९४७ साली मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया झालं तेव्हा त्यांनी आहे त्या सर्व पाळकांना जसंच्या तसं स्वीकारलं आणि पुढच्या दीक्षा बिशपच्या हातून होतील असं ठरवलं. उत्तरेनं वेगळी वाट घेतली. १९६५ च्या योजनेच्या चौथ्या आवृत्तीत सेवकवर्गाच्या एकीकरणाचा विधीच दिला होता : वेगवेगळ्या परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांवर हात ठेवायचे आणि प्रार्थना करायची. यात कुणाचीही आधीची दीक्षा नाकारली जात नाही हे स्पष्ट होतं. पण या क्षणी नेमकं काय नवं दिलं जातंय, याचं उत्तर माणसांनी न देता देवावर सोपवलं होतं. एका ओळीत उभे असलेले दोघं त्याच प्रार्थनेचा वेगळा अर्थ मनात धरू शकत होते.

यावर टीका झाली, होणारच. कुणाला ही पळवाट वाटली. मला ते तसं वाटत नाही. एकत्र बसून केलेल्या नियोजनाचा हा उत्तम नमुना आहे, कारण त्यात कुणालाही खोटं बोलायला लावलं नाही. जे बोलल्यानं टेबल मोडलं असतं, तेवढंच न बोललेलं ठेवलं. बाप्तिस्म्याबाबतही तसंच : बालबाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यानंतरचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती नव्या चर्चमध्ये मान्य राहिल्या.

मात्र याची किंमत होती, आणि ती स्थानिक मंडळीनं मोजली. वरच्या पातळीवर मोकळं ठेवलेलं प्रत्येक वाक्य खाली पास्टरेट कमिटीच्या टेबलावर येऊन पडतं. प्रभुभोजन महिन्यातून किती वेळा? प्रार्थना वाचून की मनानं? ही भांडणं नव्हेत, ही १९७० ची शिल्लक आहे. म्हणून मी म्हणतो की सीएनआयची एकी अभ्यासायची तर आठवड्याच्या बैठकीत जाऊन बसा. ती एकी तिथे अजून चालू आहे.

आठवड्याच्या बैठकीवर पुस्तकं आहेत का? आहेत. नॉर्मा डीवाल मॅलेफाईट आणि हॉवर्ड व्हँडरवेल यांचं ‘डिझायनिंग वर्शिप टुगेदर’, २००५. पाळकानं एकट्यानं ठरवण्यापेक्षा चमूनं मिळून नियोजन करावं आणि झालेल्या उपासनेचं मूल्यमापनही करावं, हा त्याचा गाभा. उपयोगी पुस्तक आहे, आणि ‘उपासना म्हणजे पवित्र गोष्ट, तिचं कसलं मूल्यमापन’ म्हणणाऱ्यांना चांगलं उत्तर आहे. पण ते अमेरिकेतल्या मंडळ्यांसाठी लिहिलेलं आहे. ते उचलून नागपुरात चौकट म्हणून लावलं तर दोन जागी शिवण उसवते.

एक, भाषा. इथल्या ख्रिस्ती घरात आजीची प्रार्थना मराठी, नातवाची शाळा इंग्रजी आणि रस्त्यावरचं बोलणं हिंदी, हे अगदी साधं चित्र आहे. त्यामुळे गीत निवडणं म्हणजे पिढी निवडणं होऊन बसतं. मराठी मंडळीच्या हातात ‘उपासना संगीत’ असतं, त्यात ना. वा. टिळकांची पदं. राजनांदगावला जाताना आगगाडीत हाती आलेल्या नव्या करारानं ज्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते हेच टिळक. त्यांची पदं पेटी-तबल्यावर भजनाच्या अंगानं गायची की गिटार-कीबोर्डवर, हा प्रश्न चवीचा वाटतो, पण त्यात ‘ही मंडळी कुणाची’ हा प्रश्न दडलेला असतो. प्रश्नावलीत ‘गीते आवडली’ला चार गुण मिळतात. तुम्ही मात्र मागच्या बाकावर बसून ऐका. गायकवृंदातल्या मुलींच्या सोयीनं पट्टी काळी चार धरली असेल तर दुसऱ्या कडव्याला मागच्या पुरुषांचे आवाज बंद पडतात. कोणत्या कडव्याला बंद पडले, ते वहीत लिहा. प्रश्नावलीपेक्षा ती नोंद जास्त बोलते.

दुसरी जागा अधिक नाजूक. मूल्यमापन म्हणजे समोरासमोर बोलणं. आता आपल्याकडे बैठकीत पाळकसाहेब बसलेत, शेजारी कमिटीचे सेक्रेटरी, ते गीत निवडणाऱ्या ताईंचे चुलत सासरे, आणि कीबोर्डवरचा मुलगा ताईंनीच संडे स्कूलमध्ये शिकवलेला. विचारलं, ‘मागच्या रविवारी काय सुधारता आलं असतं?’ उत्तर काय येईल? माईकचा आवाज. पंखे. मुलांचा गोंगाट. पंचेचाळीस मिनिटांच्या उपदेशाबद्दल पाळकांसमोर कोण बोलणार! मग सुधारणा माईकची होते. दरवर्षी नवा माईक येतो आणि उपदेश तेवढाच राहतो. ज्याबद्दल बोलता येतं तेवढंच सुधारतं, आणि साच्यातला प्रबंध त्या माईकलाच ‘सकारात्मक बदल’ म्हणून नोंदवतो.

छापील क्रम आणि प्रश्नावली, दोघांतही हेच निसटतं : कोण कुणाला काय बोलू शकतं. तुमचा अभ्यास तिथे हवा. पण घाई करून प्रत्येक मौनाला दडपशाही म्हणू नका. १९७० च्या विधीतलं मौन शहाणपणाचं होतं, कारण दोन्ही बाजूंना ते माहीत होतं आणि दोघांनी मिळून ते ठेवलं होतं. ताईंना पट्टी खाली आणायची आहे पण सासऱ्यांमुळे बोलता येत नाही, हे मौन एकीनं ठेवलेलं आहे, आणि तेही एकाच बाजूनं. हा फरक तुमच्या प्रकरणाचा कणा होऊ शकतो.

हे पकडायचं कसं? माझा अनुभव असा की मतं विचारली की लोक चांगलं चांगलं बोलतात, निर्णय विचारले की खरं बोलतात. ‘चमूचं काम कसं चालतं?’ असं विचारू नका. ‘गेल्या तीन महिन्यांत काय ठरवून वगळलं?’ असं विचारा. ‘या रविवारचा शास्त्रातला उतारा तुम्हाला कोणत्या वारी कळला?’ असं विचारा. हा दुसरा प्रश्न क्षुल्लक दिसतो, पण तो अख्खी रचना उघडी करतो. जिथे पाठसूची पाळतात, उदाहरणार्थ १९९२ ची तीन वर्षांच्या चक्राची रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी, तिथे गीत निवडणाऱ्याला उतारा महिनाभर आधी ठाऊक असतो, त्याला विचार करायला वेळ मिळतो. जिथे पाळक शनिवारी रात्री उतारा ठरवतात तिथे गीत आंधळेपणानं निवडलं जातं, आणि रविवारी गीत आणि उपदेश दोन दिशांना गेले की दोष मात्र गायकवृंदाचा. चमू आहे असं कागदावर म्हणता येतं, पण माहिती एकाच माणसाच्या खिशात असते.

एका वर्षाच्या गीतांच्या याद्या मिळाल्या तर सोनं समजा. कोणती गीतं पुन्हा पुन्हा, कोणती एकदाच येऊन गेली, कुठे क्रमांक खोडून दुसरा लिहिलाय. खोडलेल्या क्रमांकापाशी थांबा आणि विचारा. एखादी टिप्पणी धरून तिचा माग काढा : रविवारी दाराशी कुणीतरी म्हणालं की प्रार्थना फार लांबली. ती गोष्ट बैठकीत पोचली का? कुणाच्या तोंडून? नावासकट की ‘काही लोकांचं म्हणणं आहे’ म्हणून? पुढच्या रविवारी काही बदललं का? अशा दहा टिप्पण्यांचा प्रवास लिहिलात तर शंभर प्रश्नावल्यांची आठवण येणार नाही.

आता काळजीची गोष्ट. ती परिशिष्टात ढकलू नका. बैठकीला बसायचं तर पाळकांची आणि पास्टरेट कमिटीची लेखी परवानगी घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. बैठकीतल्या प्रत्येकाला वेगळं विचारा, कारण पाळकांनी हो म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणणं जड जातं. तुम्ही नावं बदलाल, ठीक. पण ‘गायकवृंदातील महिला, वय ५२, शिक्षिका’ असं लिहिलंत की त्या मंडळीत ती कोण हे सगळ्यांना कळतं. प्रबंध शोधगंगेवर चढला की कुणीही उघडून वाचू शकतं, तिचे चुलत सासरेसुद्धा. वय, व्यवसाय, आवाजाची पट्टी यांतलं जे विश्लेषणाला लागत नाही ते गाळा. दोन व्यक्तींच्या गोष्टी जोडून एक पात्र करणं काहीजण सुचवतात. मला ते पटत नाही, कारण मग नातेसंबंध खोटे होतात आणि इथे तर नातेसंबंध हाच पुरावा आहे. त्यापेक्षा एखादं उदाहरण सरळ सोडून द्या. चांगलं उदाहरण हातचं जातं तेव्हा वाईट वाटतं, वाटू द्या.

तुम्ही स्वतः त्या मंडळीचे सभासद असाल तर आणखी एक अडचण : काय बोलायचं नाही हे तुम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते मौन आहे हेच दिसत नाही. अशा वेळी दुसऱ्या परंपरेच्या मंडळीत चार-सहा रविवार बसून या. बाहेरचे असाल तर उलट : तुम्हाला प्रत्येक शांतता संशयास्पद वाटेल. पापकबुलीनंतरची शांतता उपासनाक्रमातच असते, तिच्यामागे राजकारण शोधू नका.

राहता राहिलं शीर्षक. ‘परिणामकारकता’ हा शब्द काढा. ‘एका मराठी मंडळीतील साप्ताहिक उपासनेच्या नियोजनातील निर्णयप्रक्रिया : एका वर्षाचा क्षेत्राभ्यास’ असं काहीतरी करा. समितीत कुणीतरी विचारेल, ‘एकच मंडळी? नमुना फारच लहान आहे.’ तेव्हा गडबडू नका. तुमच्या अभ्यासाचं एकक मंडळी नसून निर्णय आहे हे सांगा, आणि वर्षाचे ५२ रविवार गुणिले दर रविवारची गीतं, वाचनं, प्रार्थना असा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा.